तळटीप : शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार

* मूळ ग्रंथकाराने येथे केवळ ‘नंतर किरण दिले’ एवढाच त्रोटक उल्लेख केला असल्यामुळे थोडा खुलासा अवश्य आहे. कुत्र्याच्या त्वचेखालील मेद, स्नायू वा तंतुमय ऊतींतून उद्भवणारी सार्कोमा नामक गाठ हाताला कितीही सुटी, जणू कोषात बंदिस्त भासली, तरी तो कोष वस्तुतः दाबल्या गेलेल्या अर्बुदपेशींचाच बनलेला असून तिचे सूक्ष्म तंतू त्यापलीकडील निरोगी ऊतींत शिरलेले असतात. म्हणूनच गाठीभोवतालचा सुमारे ३ सेंटिमीटर भाग आणि तळाशी स्नायुवेष्टनाचा एक अखंड थर काढण्याची शिफारस शस्त्रवैद्य करतात. परंतु पायाच्या नळीवर एवढे मांस असते कोठे? तेव्हा पाय समूळ काढावयाचा नसेल, तर मागे उरलेल्या पेशींवर किरणांची योजना करणे हा भरवशाचा मार्ग ठरतो. जखम भरून आल्यावर, साधारणतः दोन-तीन आठवड्यांनी, सुमारे ४५ ते ६० ग्रे एवढी मात्रा बहुधा १५ ते २० हप्त्यांत विभागून देतात. मुका जीव निश्चल राहावा म्हणून प्रत्येक हप्त्यास भूल द्यावी लागते, आणि ही गोष्ट धन्यास आरंभीच स्पष्ट सांगणे हे मी वैद्याचे कर्तव्य समजतो. त्वचा काही काळ सोलवटते. पुढे तेथे उगवणारे केस पुष्कळदा पांढरे असतात. गाठ त्याच जागी पुन्हा उद्भवण्यास या उपचाराने आळा बसतो. फुप्फुसांत पसरलेल्या रोगावर मात्र त्याचा अंमल चालत नाही, सबब छातीचे क्ष-किरण चित्र आधी पाहिले जाते. — संपादक