घरचे आइस्क्रीम : टेबलावरचे मशीन आणि दूध-साखरेचा हिशेब

ओट्यावर किंवा टेबलावर ठेवून चालवायची आइस्क्रीमची लहान मशीन आता आपल्या बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत आली आहेत. कोणी सणाच्या सवलतीत घेतले, कोणाला मुलांनी परदेशातून आणून दिले. त्यातली पुष्कळशी दोन-चार वेळा वापरून माळ्यावर गेली, हेही खरे. ‘पातळच राहते’, ‘दाताखाली बर्फ लागतो’ आणि ‘दुसऱ्या दिवशी दगड होतो’ या तीन तक्रारी सभासदांकडून नेहमी ऐकू येतात. आमचे मत असे की बहुतेक वेळा मशीन निर्दोष असते. चूक असते ती फ्रीझरच्या थंडीत किंवा मिश्रणाच्या प्रमाणात, आणि या दोन्ही गोष्टी घरच्या घरी मोजून पाहता येतात. माळ्यावरचे मशीन खाली काढण्यापूर्वी किंवा नवे घेण्यापूर्वी उपयोगी पडेल अशी माहिती येथे एकत्र केली आहे.

मशीन नेमके काय करते

दुधाचे मिश्रण नुसते फ्रीझरमध्ये ठेवले तर त्यातल्या पाण्याचे मोठे, टोकदार स्फटिक होतात. तेच मिश्रण थंड भिंतीलगत सतत ढवळत राहिले तर भिंतीवर धरलेला बर्फाचा पातळ थर लगेच खरवडला जातो, स्फटिक बारीक राहतात आणि थोडी हवाही आत मिसळते. आइस्क्रीमचा मऊपणा या दोन गोष्टींतून येतो. कुल्फी ढवळत नाहीत. तिथे दूध आटवून पाणीच कमी केलेले असते, म्हणून ती घट्ट असली तरी खाता येते.

आपल्यापैकी साठीच्या पुढच्या मंडळींना लाकडी बादलीतला पॉट आठवत असेल. गुजराती शेजारी त्याला ‘संचो’ म्हणत. हाताने दांडा फिरवायच्या अशा पॉटचे पेटंट फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ मध्ये घेतले. अहमदाबादच्या वाडीलाल गांधींनी १९०७ मध्ये सोड्याचे दुकान काढले, तेथेही आइस्क्रीम हाताने फिरवायच्या कोठीतच होत असे. बर्फात जाडे मीठ घातले की बर्फ वितळतो, पण वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि खारे पाणी शून्याच्या बरेच खाली जाते. मीठ आणि बर्फाचे प्रमाण अगदी बरोबर साधले तर ते उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणजे पॉटमध्ये थंडी मीठ-बर्फातून येई आणि ढवळणे आपल्या दंडातून.

आजच्या मशीनमध्ये दंडाच्या जागी मोटर आली. थंडीचे मात्र दोन प्रकार आहेत, आणि कोणता घ्यावा हा प्रश्न येथेच सुटतो. स्वस्त आणि हलक्या मशीनचे भांडे दुहेरी भिंतीचे असते. मधल्या पोकळीत गोठणारा द्रव असतो आणि ते भांडे आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये ठेवावे लागते. हे मशीन स्वतः काहीही थंड करत नाही, ते फक्त फिरवते. दुसऱ्या प्रकारात फ्रीजसारखा स्वतःचा कॉम्प्रेसर असतो. ते महाग, जड आणि आवाज करणारे असते, पण एक घाणा काढला की लगेच दुसरा लावता येतो. महिन्यातून एक-दोनदा चार-सहा माणसांसाठी करायचे असेल तर पहिला प्रकार पुरतो. कॉम्प्रेसरचे मशीन ओट्यावर कायमची जागा देता येत असेल तरच घ्यावे. दर वेळी उचलून ठेवण्याजोगे ते नसते, आणि आडवे करून आणले असेल तर काही तास सरळ उभे ठेवल्याशिवाय सुरू करू नये.

अमेरिकेहून आणलेल्या मशीनबद्दल एक इशारा. तेथील वीज ११० ते १२० व्होल्टची, आपली २३० ची. नुसता पिनचा अडॅप्टर लावून चालू केले तर मोटर जळते. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो लावूनही तेथील ६० हर्ट्झच्या विजेसाठी केलेली मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहसा थोडी हळू फिरते. कॉम्प्रेसरचे मशीन तिकडून आणण्याच्या फंदात पडू नये.

आधी फ्रीझर तपासा

गोठवायच्या भांड्याला उणे १८ अंशांत निदान २४ तास हवेत. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर असतो, घरात दिवसातून पन्नास वेळा फ्रीज उघडतो आणि फ्रीझरमध्ये मटार, खोवलेले खोबरे, बर्फाचे ट्रे असे सगळे कोंबलेले असते. अशा वेळी काही फ्रीझर उणे १० च्या आसपासच घुटमळतात. फ्रीझरचा साधा थर्मामीटर आणून एक रात्र आत ठेवावा आणि सकाळी उठल्याबरोबर वाचावा. उणे १५ च्या वर आकडा दिसला तर तापमानाचे बटण वाढवावे, आत गर्दी कमी करावी आणि भांडे मागच्या भिंतीला टेकवून ठेवावे. ‘पातळच राहते’ ही तक्रार येणाऱ्या घरांत आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि पुष्कळदा दुसरा विचारावा लागत नाही.

भांडे बाहेर काढून कानाशी हलवावे. आत द्रव डुचमळल्याचा आवाज आला तर ते तयार नाही. ठेवताना ते पूर्ण कोरडे असावे, नाहीतर आतल्या ओलीचा बर्फ होऊन पाते अडकते. धुऊन, पुसून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवणे उत्तम. भांडे फ्रीझरमध्ये कायमचेच राहू दिले तर आयत्या वेळी २४ तास थांबावे लागत नाही.

मिश्रणाचा ताळेबंद

आमचे आयुष्य बँकेत ताळेबंद जुळवण्यात गेले. आइस्क्रीमचे मिश्रणही आम्ही तसेच पाहतो. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला घनपदार्थ, म्हणजे दुधातली स्निग्धता, दुधाची भुकटी आणि साखर. पाणी जास्त झाले की बर्फ लागतो, साखर कमी झाली की दगड होतो, साखर फार झाली की गोठतच नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ‘आइस्क्रीम’ म्हणून विकायच्या मालात दुधाची स्निग्धता किमान १० टक्के आणि एकूण घनपदार्थ किमान ३६ टक्के लागतात. घरी आपल्याला कोणी तपासायला येणार नाही, पण हे आकडे लक्ष्य म्हणून चांगले आहेत.

दीड लिटरच्या भांड्यासाठी आमचे प्रमाण असे : ६ टक्के स्निग्धतेचे पिशवीतले फुल क्रीम दूध अर्धा लिटर, डब्यातले २५ टक्क्यांचे फ्रेश क्रीम २०० मिलिलिटर, साखर १२५ ग्रॅम आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी ३० ग्रॅम. दूध, भुकटी आणि साखर गुठळ्या न राहू देता एकत्र करून मंद आचेवर ढवळत उकळावे आणि साधारण ७० ते ८० ग्रॅम पाणी उडेपर्यंत आटवावे. पातेले आधी आणि नंतर काट्यावर ठेवले तर अंदाज करावा लागत नाही. क्रीम शेवटी घालून एक वाफ आणावी. सगळे मिळून सुमारे ८०० ग्रॅम भरते. त्यात स्निग्धता ८१ ग्रॅम, साखर १२५ आणि दुधाचे बाकीचे घनपदार्थ (पिशवीवर ‘एसएनएफ’ लिहिलेले असतात ते) ८८ ग्रॅमच्या आसपास. बेरीज २९४, म्हणजे जवळजवळ ३७ टक्के. हिशेब जुळला.

भुकटी मुठीने वाढवू नये. फार झाली तर दुधातली साखर वेगळी होऊन आइस्क्रीम जिभेला वाळूसारखे लागते. दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर किंवा आरारूट थंड दुधात कालवून घालून शिजवले तर पाणी बांधले जाते आणि चार दिवस पोत टिकतो. बाजारात मिळणारी स्टॅबिलायझरची पावडर पाकिटावरच्या मापानेच घ्यावी, जास्त झाली की आइस्क्रीम चिकट होते.

शिजलेले मिश्रण पातेल्यासकट बर्फाच्या पाण्यात ठेवून लवकर गार करावे आणि झाकून फ्रीजमध्ये रात्रभर मुरू द्यावे. ही पायरी घाईत गाळली जाते आणि सगळ्यात जास्त फरक हीच पाडते. स्निग्धता घट्ट होते, भुकटी नीट फुगते आणि मिश्रण ४-५ अंशांवर येते. कोमट मिश्रण भांड्यात ओतले तर भांड्याची अर्धी थंडी ते गार करण्यातच खर्च होते.

घाणा लावताना

आधी पाते फिरते करावे, मग मिश्रण ओतावे. उलट केले तर मिश्रण भिंतीला धरते आणि पाते थांबते. भांडे निम्म्याहून फार भरू नये, कारण हवा मिसळून मिश्रण फुगते. वीस ते तीस मिनिटांत ते मऊ भातासारखे गोळा होऊ लागते. तेवढ्यावर थांबावे. मशीनमधून कडक आइस्क्रीम निघत नाही, निघायलाही नको. जास्त वेळ फिरवले तर लोणी धरते. सुकामेवा, चॉकलेटचे तुकडे, गुलकंद शेवटच्या दोन मिनिटांत घालावे.

मग पसरट डब्यात काढून वर बटर पेपर टेकवावा, झाकण लावावे आणि फ्रीझरच्या तळाशी निदान चार तास ठेवावे. उंच डब्यात मधला भाग उशिरा गोठतो आणि तिथेच बर्फ होतो.

घरचा एक लिटर आणि दुकानातला एक लिटर सारखे नसतात, हेही जाता जाता सांगतो. नियमाने विकतच्या साध्या आइस्क्रीमच्या लिटरचे वजन किमान ५२५ ग्रॅम असले की पुरते, कारण उरलेली जागा हवेची. घरचे ८०० ग्रॅमच्या वर भरते. म्हणून वाटी लहान घ्यावी. आणि विकत घेताना डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिले असेल तर त्यात दुधाऐवजी वनस्पती तेल-तूप असू शकते, हे पाहून घ्यावे.

आपली फळे, आपले पदार्थ

आंब्यासाठी वरच्या प्रमाणात दूध ३५० मिलिलिटर, साखर १०० ग्रॅम, भुकटी ४० ग्रॅम करून २५० ग्रॅम हापूस किंवा केसरचा घट्ट रस घालावा. रस मिश्रण पूर्ण गार झाल्यावरच घालावा, गरम दुधात आंबट रस पडला तर दूध फाटते. डब्यातला गोड रस असेल तर साखर आणखी कमी. सीताफळाचा गर अजिबात शिजवू नये, कडवट होतो. बिया काढून, न घोटता, थंड मिश्रणात मिसळावा. चिकू सालीसकट वाटू नये. कच्च्या अननसाने दूध कडू होते, म्हणून तो साखरेत शिजवून गार करून घालावा.

उरलेल्या श्रीखंडाचे आइस्क्रीम फार छान होते. श्रीखंडात साखर सुमारे ४० टक्के असते, त्यामुळे नुसते घातले तर मशीन फिरत राहील आणि ते गोठणार नाही. तेवढेच थंड फुल क्रीम दूध मिसळून लावावे. बासुंदीही थोड्या दुधाने सैल करून लावता येते. चारोळी आधी गाळून घ्यावी आणि शेवटी परत घालावी.

मधुमेह असलेल्या ज्येष्ठांसाठी बिनसाखरेचे करावे का, असे पुष्कळ जण विचारतात. साखर गोडीबरोबर गोठणबिंदूही खाली आणते. गोळ्यांची गोडी ते काम करत नाही, म्हणून असे आइस्क्रीम दगडासारखे होते आणि खाण्यापूर्वी बराच वेळ बाहेर ठेवावे लागते. शिवाय दूध आणि भुकटीत दुधाची साखर असतेच, तेव्हा ते ‘शुगर फ्री’ समजून दोन वाट्या खाणे धोक्याचे. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर नेहमीच्या आइस्क्रीमचे दोन चमचे द्यावेत, हे आम्हाला अधिक बरे वाटते.

स्वच्छतेबाबत ढिलाई नको. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. दूध उकळलेलेच घ्यावे, परदेशी कृतीत असते तसे कच्चे अंडे घालू नये. लांबलेल्या वीजकपातीत पूर्ण वितळलेले आइस्क्रीम पुन्हा गोठवून मुलांना देऊ नये. पात्याच्या खाचांत स्निग्धता अडकते, तिथे गरम पाणी आणि ब्रश लागतो. गोठवायचे भांडे मात्र गरम पाण्याने धुण्यापूर्वी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, नाहीतर तडा जाण्याची भीती.

कोजागिरीला किंवा स्नेहसंमेलनाला ही मशीन पुरतील का? माणशी ८० ग्रॅम धरले तर ६० जणांना ४ किलो ८०० ग्रॅम लागते, म्हणजे वरच्या प्रमाणाचे सहा घाणे. एका भांड्याच्या मशीनवर ते सहा दिवसांचे काम आहे. सहा घरांनी आदल्या दिवशी एकेक घाणा करून थर्मोकोलच्या खोक्यातून आणावा, किंवा कोणाकडे जुना पॉट असेल तर तो काढावा, पाच-सहा किलो बर्फामागे दीड किलो जाडे मीठ आणावे आणि दांड्याशी आळीपाळीने बसायला चार तरुण आधीच ठरवून ठेवावेत.