नटाचा पारखी

नट व्हायची हौस धरलेला मुलगा आज पहिली चौकशी करतो ती एजंटाची. जावे कोणाकडे, फोटो द्यावेत कोणाला, तो काम मिळवून देईल का, आणि त्याबद्दल घेईल किती? आमच्या पनवेलला मुंबई हाकेच्या अंतरावर आहे असे सर्वांनाच वाटते. त्यामुळे शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या पोरांच्या तोंडून हा प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. एजंट हा शब्द नवा. पण गुण ओळखणारा आणि हाताला धरून रंगभूमीच्या दाराशी नेणारा कोणीतरी मराठी नटाला पहिल्यापासून लागला आहे. तो कोण होता आणि दाराच्या आत गेल्यावर नटाचे काय झाले, ते जरा मागे जाऊन पाहू.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा पारखी होते स्वतः संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन. त्यांच्या पश्चात तो आश्रय सुटला, मंडळी गावोगाव हिंडू लागली आणि 1853 साली मुंबईत तिकीट लावून खेळ करू लागली. पुण्याकडून मुंबईला जाण्याची त्या वेळची रूढ वाट बोरघाट उतरून आमच्या पनवेलला यायची आणि येथून पुढे पाण्यातून गलबताने जायची. आगगाडीने बोरघाट ओलांडला तो 1863 साली. मुंबईत नशीब काढायला निघालेली माणसे आमच्या बंदराने त्याही आधीपासून पाहिली आहेत, एवढे गावाच्या अभिमानाने सांगून ठेवतो.

राजा गेला आणि त्याच्या जागी कंपनीचा मालक आला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. त्यांना स्त्रीभूमिकेसाठी गाता गळा आणि देखणा चेहरा एकाच माणसात हवा होता. तो त्यांना बडोद्यात सापडला. भाऊराव कोल्हटकर तेथे नोकरी करीत होते. नाटकात जाणे म्हणजे घराण्याला बट्टा, असा तो काळ. चालती नोकरी टाकून तोंडाला रंग फासायला निघालेल्या मुलाच्या घरी काय झाले असेल, ते वाचकांनीच मनात आणावे. 1882 साली भाऊराव मंडळीत आले, त्याच वर्षी 'सौभद्र' रंगले आणि 'भावड्या' हे नाव घरोघर झाले.

नारायण श्रीपाद राजहंस यांची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. लहानपणीच त्यांचे गाणे ऐकून लोकमान्यांनी 'बालगंधर्व' म्हटले असे सांगतात. पण त्यांना रंगभूमीवर पोचवले ते कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी. मुलाच्या कानात दोष होता. महाराजांनी मिरजेला त्यावर उपचार करवले आणि त्यांच्याच शब्दाने 1905 साली हा सतरा वर्षांचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. छत्रपतींनी शब्द टाकावा, असा एजंट कोणाच्या नशिबी येतो!

पण जरा थांबून पाहा. भाऊराव काय, नारायण काय, पारखी भेटण्याआधीच गात होते, लोक त्यांचे गाणे ऐकत होते. कोणी तरी ऐकले म्हणून बोलावणे आले. कीर्ती आधी निघाली आणि पारखी तिच्या मागून आला.

कंपनीत शिरल्यावर मुलगा कंपनीचाच होई. बिऱ्हाड कंपनीचे, पंगत कंपनीची, पहाटे गाणे, दुपारी तालीम, रात्री खेळ. तालीममास्तराचा मार आणि त्याची विद्या दोन्ही एकदमच पदरात पडत. स्त्रीपार्टी करणाऱ्या पोराचा आवाज फुटला की पुढे काय, याची हमी कोणी दिलेली नसे. मला त्या व्यवस्थेचे गोडवे गाववत नाहीत. तिने विद्या दिली हे खरे; पण पोराच्या पोटापाण्याचा हिशेब पाहायला त्याच्या बाजूने कोणी उभा नव्हता, हेही तितकेच खरे.

याचा मोठा दाखला पुन्हा बालगंधर्वच. 1913 साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या भागीत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. प्रेक्षक नुसते लोटत होते. पण शालू, अत्तरे, पडदे, पंगती यांवरच्या खर्चाला सीमा नव्हती. भागीदार पुढे गेले, कर्ज मात्र राहिले, आणि ते फेडण्यात या राजहंसाची उमेदीची वर्षे गेली. त्यांना रंगभूमीवर आणणारा छत्रपती भेटला. पण 'नारायणराव, हा खर्च आपल्याला परवडायचा नाही' असे सांगून ऐकवू शकेल असा माणूस त्यांच्या पदरी टिकला नाही. खरे म्हणजे एजंट हवा असतो तो या कामासाठी. करार वाचायचा, मानधन ठरवायचे, बाकी वसूल करायची, आणि नको त्या कामाला नाही म्हणायचे. तो दारातून आत नेणारा कमी आणि आत गेलेल्याला सांभाळणारा जास्त.

सिनेमा आला तेव्हाही दार असेच चमत्कारिक रीतीने उघडले. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या. तारामतीचे काम करायला एकही बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या नजरेस पडले आणि 1913 च्या त्या चित्रपटात तेच तारामती झाले. पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे याच गृहस्थांनी केली! आयती संधी म्हणतात ती ही. पण शंभर वर्षांत असे साळुंके किती निघाले? 1913 सालीच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. आईने लोकनिंदा सोसली म्हणून मुलीला वाट मिळाली; त्या घरात पारखी होती ती आईच.

ओळखीपाळखीचेही एक प्रकरण आहेच. शांताराम वणकुद्रे हा पोरगा थोडे दिवस गंधर्व मंडळीत राहून आला, आणि 1920 साली नात्यातल्या बाबूराव पेंढारकरांच्या ओळखीने बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरला. ओळखीने त्याला आत घेतले, पण व्ही. शांताराम केले ते तिथे पडेल ते काम केल्याने.

नाटक कंपन्या बसल्या. मग पारख्याची जागा घेतली स्पर्धांनी आणि कलापथकांनी. पन्नाशीच्या दशकात सरकारची राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली, 1963 पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडक आला. निळू फुले सेवादलाच्या कलापथकातून आले. पुण्यात माळीकाम करून पोट भरीत आणि रात्री कामे करीत. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचे नाव झाले आणि 1968 साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'ने त्यांना पडद्यावर आणले. माळ्याच्या फोटोंची वही घेऊन कोणी एजंट हिंडत नव्हता. लोकांनी काम पाहिले होते.

आता आजच्या बाजाराविषयी दोन शब्द, कारण आईबापांना ते हवे असतात. नटांची निवड करणारा माणूस, ज्याला कास्टिंग डायरेक्टर म्हणतात, तो निर्मात्याचा नेमलेला असतो आणि त्याचा मेहनताना निर्माता देतो. नटाने त्याला काही द्यायचे नसते. एजंट नटाच्या बाजूचा. त्याचा हिस्सा मिळालेल्या मानधनातून जातो, म्हणजे आधी काम, मग पैसा, मग त्यातला त्याचा वाटा, आणि तोही लेखी ठरलेला. नाव नोंदवायला, फोटो काढायला, 'वरच्यांना द्यायला' म्हणून आधीच पैसे मागणारा कोणत्याच बाजूचा नव्हे. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी अशाच एका गृहस्थाला बायकोच्या पाटल्या मोडून पैसे दिले. कार्यालयाला महिनाभरात कुलूप लागले. मुलगा आज गॅरेजात कामाला आहे आणि आरशासमोरही उभा राहत नाही, असे त्याची आई सांगते. पैसे गेल्याचे तिला तितके दुःख नाही.

मला कोणी पोरगा एजंट विचारायला आला की मी त्याला उलट विचारतो, 'बाबा रे, तुझे काम आजवर किती जणांनी पाहिले?' बहुतेक वेळा उत्तर येते, 'घरच्यांनी.' मग त्याला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहाकडे पिटाळतो. तेथे अटल करंडकाच्या एकांकिका होतात, गावोगावची पोरे आपापले सामान टेम्पोत घालून येतात. त्यांना माणसे लागतातच. कोणी प्रकाशाच्या पेट्या उचलायला, कोणी पडद्यामागे संवाद सांगायला, आणि आयत्या वेळी एखादा आजारी पडला तर शिपायाच्या दोन वाक्यांना.