फाईल, फॉन्ट आणि विस्तारनाम : आई-बाबांसाठी संगणकाची पहिली ओळख

सिडनीच्या पश्चिमेस, पॅरामाटाला लागून असलेले हॅरिस पार्क भारतीय दुकाने आणि उपाहारगृहे यांमुळे ‘लिटल इंडिया’ म्हणून ओळखले जाते. येथील आणि आसपासच्या मराठी घरांत आई-बाबा कधी काही महिन्यांसाठी, तर कधी कायमच्या वास्तव्यासाठी येतात. व्हॉट्सॲप त्यांच्या हातात बसलेले असते. परंतु गावाकडून आलेला जन्मदाखला व्हिसाच्या अर्जाला जोडायचा झाला, की काम अडते. मुले कचेरीत, दाखला फोनमध्ये आणि तो ‘उघडत नाही’. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणकाची तोंडओळख करून दिली. तत्पूर्वी निवृत्त झालेल्या अनेकांना ती संधी मिळाली नाही. त्यांना समजावून सांगताना उपयोगी पडतील अशा मूलभूत संज्ञा येथे दिल्या आहेत.

आज्ञावली आणि फाईल

ज्यांनी कचेरीत नोकरी केली, त्यांना कचेरीचीच उपमा द्यावी. फाईल म्हणजे कागदांची फाईल, फोल्डर म्हणजे कपाटातील कप्पा आणि आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, हा ती फाईल वाचणारा व लिहिणारा कारकून. वर्ड, एक्सेल, क्रोम हे असे कारकून होत. फोनवर त्यांनाच ॲप म्हणतात. विंडोज, मॅकओएस किंवा अँड्रॉइड ही कार्यप्रणाली सर्व कारकुनांना काम वाटून देणारी हेडक्लार्क. फाईल आली, परंतु ती वाचणारा कारकून यंत्रात नाही, अशा वेळी ती उघडत नाही.

विस्तारनाम

फाईलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर येणारी अक्षरे म्हणजे विस्तारनाम. फाईल कोणत्या प्रकारची आहे, हे त्यावरून कळते.

• डीओसीएक्स : वर्डमधील मजकूर, त्यात बदल करता येतो. ऑफिस २००७ पासून हा प्रकार रूढ झाला.
• एक्सएलएसएक्स : एक्सेलमधील तक्ते व हिशेब.
• पीडीएफ : ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेला आणि २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेला प्रकार. पानाची मांडणी सर्वत्र सारखी दिसते, म्हणून अर्जासाठी हाच सोयीचा.
• जेपीजी, पीएनजी : छायाचित्रे व चित्रे. आयफोनची छायाचित्रे अनेकदा एचईआयसी प्रकारची असतात. ती सर्वत्र स्वीकारली जात नाहीत.
• झिप : अनेक फायलींचे एकत्र बांधलेले गाठोडे, आधी सोडावे, मग वापरावे.

विस्तारनाम खोडून दुसरे लिहिल्याने फाईलचा प्रकार बदलत नाही. त्यासाठी योग्य आज्ञावलीत ती उघडून नव्या प्रकारात साठवावी लागते.

मराठी अक्षरे का बिघडतात?

जुन्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसेल, तर दाखल्याऐवजी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक दिला. ‘क’चा क्रमांक २३२५. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट अनेकांच्या परिचयाचा आहे. म्हणून गावाकडील टंकलेखकास दोनच गोष्टी सांगाव्यात : मजकूर युनिकोडमध्ये लिहावा आणि पीडीएफ करून पाठवावा. पीडीएफमध्ये सामान्यतः फॉन्टही सोबत येतो, त्यामुळे जुन्या फॉन्टातील मजकूरही निदान वाचता येतो. मराठी दाखल्याचे इंग्रजी भाषांतर ऑस्ट्रेलियात ‘नाटी’ची मान्यता असलेल्या भाषांतरकाराकडून करून घ्यावे लागते, त्यालाही सुवाच्य प्रतच हवी असते.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा असेल, तर मूळ पीडीएफ जपून ठेवावी. तिचा कागद छापून पुन्हा स्कॅन केल्यास स्वाक्षरीचे केवळ चित्र उरते. ती संगणकावर पडताळता येत नाही.

दोन धोक्याची विस्तारनामे

ईएक्सई आणि एपीके या वाचण्याच्या फायली नव्हेत; त्या अनुक्रमे विंडोजवर आणि अँड्रॉइडवर आज्ञावली बसवतात किंवा चालवतात. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती असल्याचे भासवून एपीके पाठवायची आणि फोनचा ताबा घेऊन बँकेतील पैसे काढायचे, असे प्रकार भारतात घडले आहेत. लग्नाचे निमंत्रण छायाचित्र, चित्रफीत किंवा पीडीएफ म्हणून येते. ते एपीके म्हणून आले, तर पाठवणारा ओळखीचा असला तरी उघडू नये. आधी त्याला फोन करावा, कारण त्याचाच फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

सराव

ऑस्ट्रेलिया सरकारच्या ‘बी कनेक्टेड’ या उपक्रमात ज्येष्ठांसाठी विनामूल्य इंग्रजी धडे आहेत. घरच्या सरावासाठी एखाद्या रविवारी आई-बाबांकडूनच ‘कागदपत्रे’ नावाचे फोल्डर करून घ्यावे, प्रत्येक दाखल्याला ओळखू येईल असे नाव द्यायला लावावे आणि एक पीडीएफ ईमेलला जोडून स्वतःला पाठवायला सांगावी. माऊस मात्र त्यांच्याच हातात राहू द्यावा.