नीरम ते मैलापाणी : जहाजांवरील विसर्जनाच्या नियमनाचा एक आढावा

आळ्याहून जुन्नरमार्गे पश्चिमेस गेले असता नाणेघाट लागतो. सातवाहनकाळी घाटमाथ्यावरील व्यापार याच वाटेने कल्याण व सोपारा या बंदरांकडे उतरत असे. जुन्नरच्या लेण्यांतील यवनांचे दानलेख त्या काळच्या दूरदेशीय संबंधांची साक्ष देतात. पुढे सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली व बंदराचे महत्त्व लोपले. बंदराचे आयुष्य त्याच्या खोलीवर अवलंबून असते, याची जाणीव समुद्रापासून दूर असलेल्या जुन्नर प्रांतासही त्यामुळे झाली असावी.

जहाजांतून काय टाकू नये, यासंबंधीच्या आपल्या कायद्याचा उगमही याच चिंतेत आढळतो. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्याच्या २१ व्या कलमाने नीरम, केरकचरा, तसेच ज्यामुळे पाण्यात उथळ बांध होईल वा नौकानयनास बाध येईल, अशी कोणतीही वस्तू बंदरात टाकण्यास मनाई केली. नीरम म्हणजे रिकाम्या जहाजाचा तोल राहावा म्हणून तळाशी भरावयाचे दगड-वाळूसारखे वजन. कलमाचा रोख जलमार्गाच्या रक्षणावर होता. पाण्याच्या शुद्धतेचा विचार त्यात मुख्यत्वे अभिप्रेत नव्हता. मैलापाण्याने बांध होत नाही. म्हणून ते या शब्दयोजनेत सहजासहजी बसत नव्हते.

ही दृष्टी प्रथम तेलामुळे बदलली. १९५४ साली लंडन येथे तेलप्रदूषणाविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला. २१ व्या कलमातही तेल व तेलमिश्रित पाणी यांचा समावेश करण्यात आला. १९७३ चा करार व १९७८ चा पूरक मसुदा मिळून ‘मार्पोल’ ही संहिता सिद्ध झाली. तिचे मैलापाण्याविषयीचे चौथे परिशिष्ट मात्र २७ सप्टेंबर २००३ रोजी अंमलात आले, म्हणजे मूळ करारानंतर तीस वर्षांनी.

त्यातील नियम अंतरावर आधारलेले आहेत. मान्यताप्राप्त शुद्धीकरणयंत्र नसलेल्या जहाजाने बारीक करून निर्जंतुक केलेले मैलापाणी किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे सोडावे. तसा संस्कार न केलेले १२ मैलांपलीकडे, व साठवणीच्या टाकीतील मैलापाणी सोडताना जहाजाचा वेग किमान ४ नॉट असावा. १२ मैल हीच १९७६ च्या कायद्यानुसार भारताच्या प्रादेशिक समुद्राची सीमा होय. बंदरात नांगरलेल्या जहाजाने मैलापाणी साठवून ठेवावे व ते स्वीकारण्याची सोय किनाऱ्यावर असावी, अशी अपेक्षा आहे. अशा रीतीने हा प्रश्न अखेर जमिनीवरच परत येतो.

येथे एक विसंगती नजरेत भरते. ३ सागरी मैल म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर. वरळी व वांद्रे येथील सागरी नळ मुंबईचे मैलापाणी किनाऱ्यापासून साडेतीन किलोमीटरांच्या आसपास सोडतात, आणि कित्येक वर्षे ते केवळ गाळून व त्यातील रेती काढून सोडले गेले. जहाजास लावलेली कसोटी शहरास लावली गेली नाही.

२०२५ साली संसदेने १९०८ च्या कायद्याच्या जागी नवा बंदर कायदा संमत केला. त्यात प्रदूषणविषयक आंतरराष्ट्रीय करारांच्या पालनास स्थान आहे. दगडाच्या नीरमापासून आरंभ झालेला हा विचार बंदराच्या खोलीकडून पाण्याच्या शुद्धतेपर्यंत आला आहे. मात्र जोपर्यंत जहाज व नगर यांस एकच माप लावले जात नाही, तोपर्यंत ‘किनाऱ्याचे रक्षण’ हा शब्दप्रयोग अर्धवटच सार्थ ठरेल.