पोर्तुगीज पारपत्र आणि युरोपातील नोकरी

तेरेखोल नदीच्या एका तीरावर सावंतवाडी संस्थान होते, तर पलीकडे पोर्तुगीजांच्या अमलाखालील पेडणे. दोन्हीकडे भाषा, देवस्थाने आणि सोयरीक एकच. मात्र त्या जुन्या सरहद्दीचा परिणाम आजही टिकून आहे. पेडण्यात १९६१ पूर्वी जन्मलेल्या व्यक्तीच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचे, पर्यायाने युरोपीय संघाचे नागरिकत्व मागता येते. सावंतवाडीत जन्मलेल्याच्या वंशजांना ते मिळत नाही.

गोवा, दमण व दीव १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाले. भारत सरकारने १९६२ च्या नागरिकत्व आदेशान्वये तेथील रहिवाशांना भारतीय नागरिक मानले. पोर्तुगालने मात्र भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. पोर्तुगीज राजवटीत या प्रदेशांत जन्मलेल्यांचा नागरिकत्वाचा हक्क पोर्तुगालने कायम ठेवला आणि १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्यानुसार तो पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचला. त्यासाठी आधी आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्या जन्माची नोंद लिस्बनच्या केंद्रीय निबंधक कार्यालयात करावी लागते. त्यानंतर पुढच्या पिढीची नोंद होते. जुन्या जन्मनोंदी, विवाहाचे दाखले आणि नावांच्या स्पेलिंगमधील तफावत यांतच अनेकांची वर्षे जातात.

पोर्तुगाल १ जानेवारी १९८६ रोजी युरोपीय आर्थिक समुदायाचा सदस्य झाला. पुढे १९९२ मध्ये स्वाक्षऱ्या झालेला मास्ट्रिक्ट करार १ नोव्हेंबर १९९३ पासून अमलात आला आणि ‘संघाचे नागरिकत्व’ ही संकल्पना कायद्यात आली. त्यामुळे पोर्तुगीज पारपत्राचे मोल एकाएकी वाढले. पोर्तुगालमध्ये पाऊलही न ठेवलेला गोमंतकीय तरुण दुसऱ्या सदस्य देशात थेट नोकरी धरू शकत होता.

नागरिकाचे हक्क

आज संघाचे २७ सदस्य देश आहेत. २००४ च्या निर्देशानुसार संघाच्या नागरिकाला कोणत्याही सदस्य देशात तीन महिने केवळ पारपत्र वा ओळखपत्रावर राहता येते. त्यापुढे राहण्यासाठी तो नोकरी अथवा स्वतंत्र व्यवसाय करणारा, विद्यार्थी किंवा स्वतःचा खर्च व आरोग्य विमा पेलणारा असावा लागतो. नोकरी शोधणाऱ्यालाही वाजवी मुदत मिळते. सलग पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झाले की कायम निवासाचा हक्क प्राप्त होतो. वेतन व कामाच्या अटींत स्थानिक नागरिकाच्या बरोबरीची वागणूक मिळते. पती, पत्नी आणि २१ वर्षांखालील मुले भारतीय पारपत्रधारक असली तरी त्यांना सोबत राहता येते. वेगवेगळ्या देशांत भरलेला सामाजिक विम्याचा काळ निवृत्तिवेतनासाठी एकत्र मोजला जातो. यजमान देशातील स्थानिक आणि युरोपीय संसदेच्या निवडणुकीत मतदानही करता येते. तेथील राष्ट्रीय संसदेसाठी मात्र हा हक्क नाही.

याउलट अहिल्यानगर जिल्ह्यातील तिसगावच्या अभियंत्याला जर्मनीत काम करायचे झाल्यास आधी नोकरीचा करार, पदवीची मान्यता व ठरलेल्या पातळीचे वेतन सिद्ध करून व्हिसा आणि ‘ब्ल्यू कार्ड’ मिळवावे लागते. दोघांच्या गुणवत्तेत फरक नसेलही. फरक आहे तो आजोबांच्या जन्मस्थळाचा.

ब्रिटनचा धडा

गोमंतकीयांनी या हक्काचा सर्वाधिक वापर ब्रिटनमध्ये केला. स्विंडन, लंडनचा साउथॉल परिसर आणि लेस्टर येथे त्यांच्या वसाहती वाढल्या. इंग्रजीची ओळख आणि आधी गेलेल्या नातलगांचा आधार ही त्यामागील कारणे. गोदामे, कारखाने, विमानतळ आणि वृद्धांची सुश्रूषा अशा कामांत बहुतेकांनी सुरुवात केली.

२३ जून २०१६ च्या सार्वमताने हे चित्र पालटले. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघाबाहेर पडला आणि संक्रमणकाळ त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला संपला. तोपर्यंत तेथे वास्तव्य असलेल्यांना ३० जून २०२१ पर्यंत स्थायिकत्वासाठी अर्ज करण्याची मुदत होती. त्यानंतर प्रथमच जाणाऱ्या पोर्तुगीज पारपत्रधारकाला इतर परदेशी नागरिकांप्रमाणेच कामाचा व्हिसा लागतो. पारपत्र तेच राहिले. त्याने उघडणारे एक दार मात्र बंद झाले.

काय गमवावे लागते

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि नागरिकत्व कायदा, १९५५ चे कलम ९ यांनुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. परदेशी पारपत्र हा त्याचा पुरावा मानला जातो. भारतीय पारपत्र परत न करता वापरत राहणे हा गुन्हा आहे. मतदानाचा, निवडणूक लढविण्याचा आणि सरकारी नोकरीचा हक्कही उरत नाही.

परतीची वाट काही अंशी मोकळी राहते ती २००५ च्या दुरुस्तीने व्यापक झालेल्या ‘ओसीआय’ कार्डामुळे. ते आजन्म व्हिसाचे काम करते. मात्र त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. पारपत्र परत केल्याचे प्रमाणपत्र नसल्याने अनेक गोमंतकीयांचे ओसीआयचे अर्ज अडकले आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी गोव्यात हा प्रश्न गाजला. कार्डधारक म्हणून पाच वर्षे नोंद आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य असल्यास पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो.

गोमंतकीय वंशाचे आंतोनिओ कोश्ता २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान होते आणि १ डिसेंबर २०२४ पासून त्यांनी युरोपीय परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारले. त्यांनाही २०१७ मध्ये ओसीआय कार्ड देण्यात आले होते. सामान्य कुटुंबाचा हिशेब मात्र निराळा असतो. गावातील घर, शेती, वृद्ध आई-वडील आणि मुलांचे शिक्षण यांचा विचार लिस्बनला कागद धाडण्यापूर्वीच व्हावा लागतो. कारण नवे पारपत्र हाती आल्यावर जुने नागरिकत्व केवळ मन बदलले म्हणून परत मिळत नाही.