अपघातानंतरच्या रजेचा दाखला आला कुठून?

गाडीला अपघात झाला की रजेसाठी डॉक्टरांचे सर्टिफिकेट लागते. या कागदाला वजन आले ते विम्यामुळे. 1883 साली जर्मनीत बिस्मार्कच्या कायद्याने आजारी कामगाराला 13 आठवड्यांपर्यंत निम्मे वेतन मिळू लागले. भारतात कर्मचारी राज्य विमा कायदा 1948 साली झाला. योजना 1952 साली कानपूर व दिल्लीत सुरू झाली. विमाधारक कामगारासाठी आजारपणातला पगार ही मालकाची मेहेरबानी राहिली नाही. 2010च्या दुरुस्तीने कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, त्यात आला. म्हणून दुखणे किरकोळ वाटले तरी त्याच दिवशी तपासून घ्या. दुखापत, तारीख, वेळ यांची नोंद करून घ्या. मागची तारीख टाकून दाखला मिळत नाही.