अकोसोंबो धरण

अकोसोंबो धरण : पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात व्होल्टा नदीवर १९६१ ते १९६५ या काळात बांधलेले दगडभरावाचे धरण व त्याच्या पायथ्याचे जलविद्युत केंद्र. उंची ११४ मी., लांबी ६६० मी. धरणामागचा व्होल्टा जलाशय सु. ८,५०० चौ. किमी. पसरला असून तो अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याहून मोठा भरतो. पृष्ठफळाच्या हिशेबाने तो जगातला सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय समजला जातो. स्थापित क्षमता सुरुवातीला चार जनित्रांची ५८८ मेवॉ. होती. १९७२ मध्ये आणखी दोन जनित्रे बसवल्यावर ती ९१२ आणि नूतनीकरणानंतर १,०२० मेवॉ. झाली.

आज धरण आहे ती नदीची खिंड धरणाला योग्य असल्याचे आल्बर्ट किट्सन या भूवैज्ञानिकाने १९१५ मध्ये हेरले होते. तेव्हा हा प्रदेश गोल्ड कोस्ट नावाची ब्रिटिश वसाहत होता. १९५७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि देशाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी हा प्रकल्प आपल्या औद्योगिक स्वप्नाच्या केंद्रस्थानी आणला. बांधकाम इंप्रेजिलो या इटालियन कंपनीने केले. १९६३च्या महापुराने काम काही महिने रखडले, तरी ते मुदतीत उरकले. २२ जानेवारी १९६६ रोजी उद्‌घाटन झाले आणि पुढच्याच महिन्यात, २४ फेब्रुवारीला, एन्क्रुमा परदेशात असताना लष्कराने त्यांची सत्ता उलथवली.

वीज कोणाला : धरणाला जागतिक बँक, अमेरिका व ब्रिटन यांनी कर्जे दिली. कर्ज फिटायचे तर वर्षानुवर्षे ठरलेली वीज उचलणारा मोठा ग्राहक हवा होता. तेमा बंदरातला व्हाल्को हा अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना हाच तो ग्राहक. त्यात ९० टक्के भांडवल अमेरिकेच्या कैसर कंपनीचे आणि १० टक्के रेनॉल्ड्सचे होते. दीर्घ मुदतीच्या करारात विजेचा दर युनिटला २.६२५ मिल ठरला. मिल म्हणजे डॉलरचा हजारावा भाग. घानात बॉक्साइटचे साठे असतानाही कारखाना अ‍ॅल्युमिना बाहेरून आणत असे. सुरुवातीच्या वर्षांत धरणाची निम्म्याहून अधिक वीज या एका कारखान्यात खर्ची पडली. एन्क्रुमांनी अशा अटी का मान्य केल्या, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कारखान्याशिवाय कर्जच मिळाले नसते, हे मात्र बहुतेकांना मान्य आहे. १९८५ मध्ये घाना सरकारने फेरकरार करून दर कितीतरी पट वाढवून घेतला.

कराराचा ठसा तारांच्या जाळ्यावरही उमटला. १६१ किलोव्होल्टच्या वाहिन्या तेमा, अक्रा, कुमासी, ताकोराडी आणि सोन्याच्या खाणींकडे, म्हणजे पैसे भरणाऱ्या दक्षिणेकडे गेल्या. १९७२ पासून शेजारच्या टोगो व बेनिन या देशांना अकोसोंबोची वीज मिळू लागली. घानाच्याच उत्तर भागातले तामाले शहर त्यानंतरही बरीच वर्षे या जाळ्याबाहेर होते.

पुनर्वसन : सु. ८०,००० लोक आणि सातशेहून अधिक गावे पाण्याखाली गेली. त्यांच्यासाठी ५२ नवी गावठाणे वसवण्यात आली. प्रत्येक कुटुंबाला मिळालेले घर मुद्दामच अपुरे ठेवलेले होते. माती-सिमेंटच्या विटांची एक खोली पूर्ण बांधलेली आणि वर पुढच्या खोल्यांनाही पुरेल एवढे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे छप्पर. छपराखालच्या बाकीच्या भिंती कुटुंबाने स्वतः उभारायच्या होत्या. शेतीची यंत्रे वेळेवर आली नाहीत, साफ केलेली जमीन पुरली नाही आणि अनेकांनी नवी गावे सोडून जलाशयाचा काठ गाठला. ज्यांच्या जमिनीवर वीज तयार झाली, त्यांच्या अनेक गावठाणांत कित्येक वर्षे खांबही पोचले नाहीत. या प्रकल्पाच्या हिशेबातली ही सर्वांत मोठी बाकी आहे.

ग्रामीण विद्युतीकरण : घरोघरी वीज नेण्याची राष्ट्रीय योजना १९८९ मध्ये, म्हणजे धरण पुरे झाल्यावर जवळजवळ पाव शतकाने आखली गेली. तोवर देशातल्या फार तर पाचातल्या एका माणसाला वीज मिळत होती. योजनेच्या जोडीला ‘स्वयंसाहाय्य विद्युतीकरण कार्यक्रम’ सुरू झाला आणि तोच तपशिलाने नोंदवण्याजोगा आहे. गाव ३३ किंवा ११ किलोव्होल्टच्या चालू वाहिनीपासून २० किमी.च्या आत असले पाहिजे, अशी अट होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढून लघुदाब वाहिनीचे लाकडी खांब विकत आणायचे आणि किमान एकतृतीयांश घरांत वायरिंग करून ठेवायचे. मग तारा, रोहित्र आणि जोडणीचे काम सरकारने करायचे. गावात खांबांची रास पडलेली असली की निवडणुकीच्या तोंडावर उमेदवाराला टाळाटाळ करता येत नसे. जी गावे वाहिनीपासून दूर किंवा वर्गणी काढण्याइतकी सधन नव्हती, ती अर्थातच मागे पडली. तरीही आज घानातील ८० टक्क्यांहून अधिक लोकांना वीज मिळते आणि आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला हे प्रमाण गाठणारे देश थोडे आहेत. हे यश वितरणाच्या कामाचे आहे. धरण त्याआधी दोन दशके जागेवरच होते.

पाऊस व भारनियमन : एकाच नदीवर विसंबण्याची किंमत १९८३-८४च्या अवर्षणात कळली. पाणी किमान पातळीखाली गेले, व्हाल्कोची वीज तोडावी लागली, टोगो-बेनिनच्या पुरवठ्यात कपात झाली. १९९८ मध्ये पुन्हा देशभर भारनियमन झाले. २०१२ नंतरच्या दीर्घ भारनियमनाला मात्र गॅसचा तुटवडा आणि थकलेली बिले हीसुद्धा कारणे होती. अकोसोंबोनंतर क्पाँग (१९८२) व बुई (२०१३) ही धरणे आणि ताकोराडीसह औष्णिक केंद्रे उभी राहिली. आता देशाची निम्म्याहून अधिक वीज औष्णिक आहे.

परिणाम : संथ पाण्यामुळे काठच्या गावांत शिस्टोसोमियासिस या परजीवीजन्य रोगाचा प्रसार झाला. धरणाखाली पूर थांबल्याने गाळाची शेती आणि स्त्रियांच्या हातात असलेला शिंपल्यांचा व्यवसाय खालावला. ऑक्टोबर २०२३ मध्ये जलाशय भरल्याने सांडव्यातून सोडलेले पाणी मेपे व आसपासच्या गावांत शिरले आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली.

जलवाहतूक : अकोसोंबो बंदरातून उत्तरेकडे मालवाहू नौका जातात.